घरच्या स्टोव्हवर बिअर: पहिली बॅच कशी करायची

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकते. हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय दारू बनवणं, आणि त्यात बिअर आलीच, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग तुम्ही एक बाटली करा नाहीतर पिंपभर, विका नाहीतर स्वतःच प्या. तेव्हा पुणे-मुंबईकरांनी वाचायला हरकत नाही पण करायला घेऊ नका, तुमच्याकडे मायक्रोब्रुअरीज आहेत, तिथे जा.

इथेही हे कायम चालत होतं असं नाही. १९३३ साली प्रोहिबिशन उठलं तेव्हा घरी वाईन करायला परवानगी मिळाली आणि बिअर तशीच लटकत राहिली, ती १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरने बिलावर सही केल्यावर सुटली आणि फेब्रुवारी १९७९ पासून फेडरल लेव्हलला कायदेशीर झाली. लिमिट म्हणजे घरात एकच अडल्ट असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २००, जे माझ्या ओळखीत तरी कोणी कधी गाठलेलं नाही. मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ पर्यंत अडून बसले होते. विकायची नाही, एकवीसच्या खालच्यांना द्यायची नाही, आणि डिस्टिल तर अजिबात करायची नाही, तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. तुमच्या राज्याचे बारीकसारीक नियम आणि अपार्टमेंटची लीज एकदा बघून घ्या.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस सगळ्यात जास्त वेळ घालवतो रेसिपी शोधण्यात. कुठले हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं), कुठलं माल्ट, हापूसचा पल्प घालू का, वेलची घालू का, कोकम घातलं तर काय होईल. पहिल्या बॅचला यातलं काहीही महत्त्वाचं नाही. महत्त्वाच्या गोष्टी दोनच, सफाई आणि टेंपरेचर. कारण खरं सांगायचं तर बिअर आपण बनवतच नाही, आपण फक्त गोड-कडू पाणी बनवतो, त्याची बिअर यीस्ट करतं. त्या यीस्टला हवं तेवढं थंड ठेवलं आणि दुसरा कुठला जंतू आत शिरू दिला नाही की साध्यातली साधी रेसिपीसुद्धा दुकानातल्यासारखी लागते, आणि हे दोन सांभाळले नाहीत तर जगातले महागडे हॉप्स घालून काही उपयोग नाही. गंमत म्हणजे १५१६ चा तो बव्हेरियाचा प्रसिद्ध कायदा आहे ना, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी असावं म्हणणारा, त्यात यीस्टचं नावच नाहीये! सगळं काम करणाऱ्याचंच नाव यादीत नाही.

तर पहिली बॅच प्लेन अमेरिकन पेल एल करा. एक तर चव साधी असते त्यामुळे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं, आंबा घातला की सगळं झाकलं जातं. दुसरं, एलचं यीस्ट घरातल्या टेंपरेचरच्या जवळपास काम करतं. बरेच जण येतात ते "किंगफिशरसारखी करायचीये" म्हणत, पण ती लागर आहे, लागरला ५०-५५ फॅरनहाइट लागतं आणि नंतर कित्येक आठवडे अजून थंडीत ठेवावी लागते, त्यासाठी वेगळा फ्रिज हवा. ते नंतर.

आणि क्वांटिटी अडीच गॅलन. बहुतेक किट पाच गॅलनची असतात, पण अपार्टमेंटच्या कॉइल स्टोव्हवर एवढं पाणी खळखळ उकळायला अर्धा दिवस जातो आणि मग ते गरम पातेलं उचलायला दोन माणसं लागतात. अडीच गॅलनमध्ये १२ औंसच्या चोवीसच्या आसपास बाटल्या होतात. पहिल्या वेळेला एक केस खूप झाली.

दुसरा शॉर्टकट म्हणजे एक्स्ट्रॅक्ट वापरा. बिअरची मूळ प्रोसेस अशी की बार्लीला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात, ते माल्ट भरडून दीडशे डिग्री फॅरनहाइटच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते, ते गोड पाणी म्हणजे वर्ट. हा तासभराचा मॅशचा कार्यक्रम तुमच्या वतीने फॅक्टरीत आधीच झालेला असतो आणि त्या वर्टमधलं पाणी काढून पावडर केलेली असते, ती ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट. लहानपणी हॉर्लिक्सची पावडर चोरून खाल्ली असेल तर चव ओळखीची वाटेल, त्यातही माल्टेड बार्लीच असते. "एक्स्ट्रॅक्ट म्हणजे चीटिंग" म्हणणारे लोक भेटतील. त्यांना भेटू द्या.

काय काय लागतं

एक स्टीलचं पाच गॅलनचं पातेलं. पॉटलकला छोले करायचं मोठं पातेलं असेल तर तेच चालेल, स्टील वास धरून ठेवत नाही, फक्त तेलाचा ओशटपणा राहता कामा नये, त्याने बिअरचा फेस बसतो. प्लॅस्टिकचं मात्र उलटं आहे. ज्या बादलीत किंवा डब्यात कधी लोणचं नाहीतर इडलीचं पीठ ठेवलंय ती अजिबात नको, तो वास जन्मात जात नाही. फर्मेंटरसाठी, म्हणजे बिअर आंबवायला, फूड ग्रेडची नवी झाकणवाली बादली घ्या, झाकणाला भोक आणि त्यात रबराचं ग्रोमेट असलेली, आणि वर लावायला एअरलॉक, जो आतला गॅस बाहेर सोडतो पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. काचेचे कारबॉय, म्हणजे मोठ्या अरुंद तोंडाच्या बरण्या, दिसायला छान दिसतात पण ओल्या हातातून सटकले की फुटतात आणि लोकांना टाके पडतात, नका घेऊ.

मग हायड्रोमीटर (द्रवात साखर किती आहे ते दाखवणारी तरंगती काचेची कांडी) आणि त्याची उंच नळी, थर्मामीटर, बादलीला बाहेरून चिकटवायची टेंपरेचरची पट्टी, एका बादलीतून दुसरीत बिअर ओढायला ऑटो-सायफन आणि ट्यूब, खाली नळ असलेली दुसरी बादली बॉटलिंगसाठी, बॉटलिंग वाँड, बुचं लावायचा कॅपर आणि बुचं, धान्य भिजवायची जाळीची पिशवी, ग्रॅममध्ये मोजणारा किचन स्केल. बाटल्या विकत घेऊ नका. मित्रांना सांगून ठेवा, ओपनरने उघडायच्या ब्राउन बाटल्या लागतात, हाताने फिरवून उघडतात त्या नको कारण त्यावर आपलं बुच नीट बसत नाही. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो, हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की त्याला एक घाणेरडा वास सुटतो, इथले लोक त्याला स्कंकी म्हणतात, आणि ज्याने हायवेवर स्कंक गेल्यानंतरचा वास घेतलाय त्याला वेगळं समजवायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टार सॅन. हे सॅनिटायझर आहे, साबण नाही, दोन्हीतला फरक डोक्यात पक्का बसवा. आधी वस्तू धुऊन स्वच्छ करायची, मळ असेल तर त्याखाली जंतू आरामात राहतात आणि सॅनिटायझर वरून वाहून जातं. मग स्टार सॅन, पाच गॅलन पाण्याला एक औंस, म्हणजे एक गॅलनला साधारण ६ मिली. दोन मिनिटं ओलं राहिलं की झालं, परत धुवायचं नाही. त्याला भरपूर फेस येतो आणि तो फेस बादलीत तसाच ठेवून वर बिअर ओतायची, हे करताना आपल्या मराठी हाताला फार त्रास होतो पण खरंच काही होत नाही. थोडं स्प्रे बॉटलमध्येही भरून ठेवा.

नियम एकच. उकळी चालू असेपर्यंत काहीही कशालाही लागलं तरी चालेल, उकळीच मारून टाकते. वर्ट थंड झाल्यापासून मात्र त्याला जे जे लागेल ते सॅनिटाइझ केलेलं पाहिजे. चमचा, गाळणी, थर्मामीटर, झाकण, एअरलॉक, ज्या कात्रीने यीस्टचं पाकीट कापणार ती कात्री, आणि ते पाकीटसुद्धा बाहेरून.

इन्ग्रेडियंट्स

लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट ३ पाउंड. क्रिस्टल ४० माल्ट (रंग आणि गोडव्यासाठीचं माल्ट) अर्धा पाउंड, दुकानातूनच भरडून आणा. कॅस्केड हॉप्सच्या एक-एक औंसच्या दोन पुड्या. ड्राय एल यीस्टचं एक पाकीट, सेफएल यूएस-०५ सगळीकडे मिळतं. ते पाकीट पाच गॅलनसाठी असतं पण अडीचला पूर्ण टाकलं तरी फायदाच आहे.

कॅस्केड का, तर अमेरिकन पेल एलची जी ग्रेपफ्रूटसारखी चव आपण ओळखतो ती याच हॉप्सची. हे १९७२ मध्ये बाजारात आलं, आणि नंतर १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये सिएरा नेवाडा ही ब्रुअरी सुरू झाली तिने ते घराघरात पोचवलं. त्या कंपनीचा केन ग्रॉसमन आधी होमब्रूचं सामान विकायचं दुकानच चालवायचा. म्हणजे तुम्ही जे करताय त्यातूनच हे सगळं उभं राहिलंय.

पाण्याबद्दल लोक घाबरवतात पण एक्स्ट्रॅक्टमध्ये लागणारे मिनरल्स आधीच असतात. नळाचं पाणी प्यायला चांगलं लागत असेल तर चालेल, फक्त त्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामीन काढायला हवं, नाहीतर बिअरला बँड-एडचा वास येतो. क्लोरामीन उकळून पटकन जात नाही, त्यासाठी कॅम्पडेनची गोळी मिळते, २० गॅलनला एक, म्हणजे तुम्हाला छोटासा तुकडा पुरे. इतकं कोण करणार वाटलं तर ग्रोसरीतून स्प्रिंग वॉटरचे चार कॅन आणा, विषय संपला.

ब्रू डे

चार तास मोकळे ठेवा. लहान मुलं असतील तर कोणाला तरी त्यांना पार्कमध्ये घेऊन जायला सांगा, उकळत्या साखरपाण्याचं मोठं पातेलं ओट्यावर असणार आहे.

तीन गॅलन पाणी पातेल्यात घ्या आणि १५५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ६८ सेल्सियस, गरम करा. क्रिस्टल माल्ट जाळीच्या पिशवीत घालून त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, गॅस बंद नाहीतर एकदम बारीक. १७० च्या वर जाऊ देऊ नका, सालांतून तुरटपणा उतरतो. पाण्याला मस्त तांबूस रंग येईल. पिशवी उचला, निथळू द्या, टाका.

आता पाणी उकळायला आलं की पातेलं बर्नरवरून बाजूला घ्या आणि मग एक्स्ट्रॅक्ट घाला. बाजूला घेणं मस्ट आहे, नाहीतर पावडर तळाला बसून करपते आणि तो वास अख्ख्या बॅचला लागतो. दुसरं म्हणजे ही पावडर वाफेला इतकी चिकट होते की पाकिटाच्या तोंडालाच गोळा बसतो, त्यामुळे पाकीट वाफेवर धरून हळूहळू भुरभुरवत बसू नका, एका दमात ओता आणि मग गाठी झाऱ्याने पातेल्याच्या कडेला दाबून मोडा. सगळं विरघळलं की परत बर्नरवर.

इथून पुढची दहा मिनिटं पातेल्यासमोरून हलायचं नाही. फोन आला तर उचलायचा नाही. पहिल्या उकळीला जो फेस चढतो तो दुधापेक्षा वेगात उतू जातो आणि कॉइल स्टोव्हवर सांडलेलं माल्ट म्हणजे डांबर, खरवडून निघत नाही. हाताशी गार पाण्याची स्प्रे बॉटल ठेवा, फेस वर यायला लागला की मारा आणि आच कमी करा. थोड्या वेळाने फेस स्वतःच फुटून खाली बसतो, मग निवांत. झाकण लावायचं नाही, एक्झॉस्ट फॅन फुल. घरभर वास पसरतो, शेजारच्यांनी विचारलं तर त्यांनाही पुढे एक बाटली द्यावी लागेल हे धरून चाला.

फेस बसला की टायमर लावा, ६० मिनिटं. सुरुवातीलाच अर्धा औंस हॉप्स. पंधरा मिनिटं राहिली की अजून अर्धा औंस. गॅस बंद करताना उरलेली एक औंसची पुडी. असं तीनदा का, तर हॉप्समधला कडूपणा पाण्यात उतरायला बराच वेळ उकळावं लागतं, आणि वास देणारी तेलं नेमकी उलट, उकळीत उडून जातात. म्हणून आधी घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटचे वास. एवढं कळलं की कुठलीही रेसिपी वाचता येते.

आता थंड करणं. सिंकमध्ये स्टॉपर लावा, गार पाणी आणि बर्फ भरा, पातेलं झाकण लावून त्यात बसवा, बाहेरचं पाणी हलवत राहा, ते कोमट झालं की सोडून परत गार भरा. अर्ध्या तासात ६५ ते ६८ फॅरनहाइटवर यायला पाहिजे, म्हणजे १८ ते २० सेल्सियस. वर्टमध्ये थेट बर्फ टाकायचा मोह होतो, टाकू नका, फ्रीझरमधला बर्फ सॅनिटाइझ केलेला नसतो.

थंड झालं की सॅनिटाइझ केलेल्या गाळणीतून बादलीत जरा उंचावरून खळखळ ओता, आत हवा मिसळू दे, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. अडीच गॅलनला कमी पडलं तर उकळून गार केलेलं पाणी घालून भरा आणि नीट ढवळा. मग नळीत थोडं घेऊन हायड्रोमीटर सोडा. १.०५५ च्या आसपास दिसलं पाहिजे, लिहून ठेवा. ते सॅम्पल परत बादलीत ओतायचं नाही, पिऊन टाका, गोड आणि कडू एकदम लागतं.

यीस्ट घालणं म्हणजे विरजण लावण्यासारखंच आहे, दूध गरम असताना विरजण घातलं तर दही लागत नाही आणि बिअरचं यीस्टही गरम वर्टमध्ये मरतं नाहीतर वेड्यासारखं धावतं. टेंपरेचर बघितल्याशिवाय पाकीट कापू नका. ड्राय यीस्ट वरून सगळीकडे भुरभुरवा, झाकण दाबून बसवा, एअरलॉकमध्ये रेघेपर्यंत स्टार सॅनचं पाणी.

पुढचे दोन आठवडे

बारा ते चोवीस तासांत एअरलॉक बुडबुडायला लागतं, कधी दोन दिवसही लागतात. वर तपकिरी, घाणेरडा दिसणारा फेसाचा थर येतो, तो क्रॉझेन, तो यायलाच पाहिजे. फेस एअरलॉकमधून बाहेर यायला लागला तर एअरलॉक काढून तिथे जाडशी ट्यूब लावा आणि तिचं दुसरं टोक स्टार सॅनच्या बरणीत बुडवून ठेवा.

आता टेंपरेचर. यात लोक फसतात ते इथे, की खोली ७० ला आहे म्हणजे बिअर ७० ला आहे असं धरून चालतात. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, बादलीच्या आतलं टेंपरेचर खोलीपेक्षा पाच-सात डिग्रीने सहज वर असतं. आणि बिअर पंचाहत्तरच्या वर फर्मेंट झाली की जड अल्कोहोल तयार होतात, मग थिनरसारखा वास आणि दुसऱ्या दिवशी डोकं. म्हणून खोलीकडे नाही, बादलीवरच्या पट्टीकडे बघा, ती ६५-६८ ला राहिली पाहिजे, निदान पहिले तीन-चार दिवस तरी. चवीचं जे काय व्हायचं ते त्याच दिवसांत होतं, नंतर थोडं वर गेलं तरी चालतं.

बेसमेंट असेल तर हिवाळ्यात प्रश्नच नाही. अपार्टमेंटमध्ये जुगाड असा की मोठ्या टबात बादली ठेवायची, टबात अर्ध्यापर्यंत पाणी, बादलीला जुना टीशर्ट गुंडाळायचा, तो पाणी शोषत राहतो आणि सुकताना गारवा देतो. सकाळ-संध्याकाळ एक-एक गोठवलेली पाण्याची बाटली त्या टबात टाकायची. अंधारं क्लॉझेट सगळ्यात बरं. आमच्याकडे त्या क्लॉझेटमध्ये गणपतीचं मखर असतं त्यामुळे बिअर तिथे ठेवायची नाही असा घरचा कायदा आहे, ती बाथटबमध्ये असते आणि आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये.

झाकण उघडून बघायचं नाही. परत सांगते, नाही. दर वेळी उघडलं की हवा आणि जंतू दोन्ही आत जातात.

याच काळात आईचा भारतातून फोन येतो आणि व्हिडिओवर बादली दिसते. "विषारी तर नाही ना होणार गं ते?" ही भीती कुठून येते ते समजू शकतं, २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेली ते आपण सगळ्यांनी वाचलंय. पण ते मिथेनॉल होतं. बार्लीची साखर यीस्टने आंबवली तर धोका होईल इतकं मिथेनॉल त्यात तयारच होत नाही, आणि आपण डिस्टिल करून काही एकत्र गोळाही करत नाही. बिअरमध्ये अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स असे तिघं मिळून आजार पसरवणाऱ्या जंतूंना टिकू देत नाहीत. बिअर बिघडली तर आंबट होते, तिला विचित्र वास येतो, ती ओतून द्यायची. आईला एवढं सांगून पुरत नाही पण निदान विषय बदलतो.

चौदा दिवसांनी हायड्रोमीटर लावा. बुडबुडे थांबले म्हणजे झालं असं नसतं, झाकण जरा सैल असेल तर गॅस तिथून निघून जातो आणि एअरलॉक शांत बसतं. रीडिंग १.०१२ ते १.०१४ मध्ये यायला हवं. दोन-तीन दिवसांनी परत बघा, तेच आलं तर फर्मेंटेशन संपलं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून १३१ ने गुणलं की अल्कोहोलचे टक्के, आपल्या केसमध्ये साडेपाचच्या आसपास. दोन रीडिंग सारखी आल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही, यात अजिबात घाई नको, कारण आत साखर उरली असेल तर यीस्ट बंद बाटलीत ती खात राहतं, गॅस वाढत जातो आणि काचेची बाटली फुटते. खरंच फुटते, काचा उडतात.

बॉटलिंग

हे काम दोघांनी करायचं. एकट्याने केलं की कंटाळा येतो आणि कंटाळा आला की सफाईत ढिलाई होते. आमच्याकडे भरते मी आणि बुचं नवरा दाबतो.

बाटल्या आधीच धुतलेल्या हव्यात, लेबलं गरम पाण्यात ऑक्सिक्लीन घालून रात्रभर ठेवली की सुटतात, पण मग बाटली आतून-बाहेरून नीट विसळून घ्या. प्रत्येक बाटली उजेडात धरून तळ बघा, बुरशीचा एक ठिपका दिसला तरी बाजूला. मग सगळ्या स्टार सॅनमधून काढून डिशवॉशरच्या खालच्या रॅकवर उलट्या लावा, निथळायला ती जागा बेस्ट.

आता बिअर फसफसावी म्हणून बाटलीतल्या गॅससाठी मोजकी साखर. नऊ लिटर बिअरला साधी साखर ५५ ग्रॅम, स्केलवर मोजून, कप-चमच्याने नाही. कपभर पाण्यात ती उकळून गार करा आणि नळाच्या बादलीच्या तळाला ओता. त्यावर सायफनने बिअर सोडा, ट्यूबचं टोक तळाला टेकलेलं आणि बादलीत गोल फिरेल असं, म्हणजे साखर आपोआप मिसळते. यावेळी खळखळ आवाज आला नाही पाहिजे. यीस्ट घालण्याआधी हवा हवी होती, आता हवा शत्रू आहे, आता ऑक्सिजन मिसळला तर थोड्या दिवसांत बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. फर्मेंटरच्या तळाचा गाळ सायफनमध्ये येऊ देऊ नका, शेवटचा पाव गॅलन गेला तर गेला.

बॉटलिंग वाँड बाटलीच्या तळाला दाबली की भरते, उचलली की थांबते. काठोकाठ भरा, वाँड काढली की बरोबर तेवढी जागा मोकळी राहते. बुच ठेवा, कॅपर दाबा. एक युक्ती, बाटलीभर बिअर प्लॅस्टिकच्या सोड्याच्या रिकाम्या बाटलीत भरा, सॅनिटाइझ करून अर्थातच. ती दाबून बघता येते, मऊ असेल तर गॅस अजून व्हायचाय, दगडासारखी कडक झाली की काचेच्याही झाल्या.

खोलीच्या टेंपरेचरला, ७० च्या आसपास, अंधारात दोन आठवडे. लगेच फ्रिजमध्ये टाकू नका, यीस्ट झोपून जातं आणि गॅस होतच नाही. सगळ्या बाटल्या झाकणाच्या प्लॅस्टिक टोटमध्ये ठेवा, एखादी फुटलीच तर कार्पेट वाचतं आणि लीजचं डिपॉझिटही. थोडक्यात ब्रू डेपासून ग्लासपर्यंत महिनाभर, म्हणजे दिवाळीच्या पार्टीला हवी असेल तर पातेलं घटस्थापनेच्याही थोडं आधी चढवा, एक आठवडा हाताशी जास्त असला तर बिअर अजून गुळगुळीत होते.

पिताना दोन दिवस आधी फ्रिजमध्ये उभी ठेवा, तळाला यीस्टचा पातळ थर बसतो. ग्लासमध्ये एकाच दमात सावकाश ओता, मध्ये बाटली सरळ केली की थर ढवळला जातो, आणि शेवटचा अर्धा इंच बाटलीतच सोडा. तो प्यायल्याने काही होत नाही, फक्त चव पिठूळ लागते आणि काहींच्या पोटात गडबड होते. पहिल्या ग्लासबरोबर चकली, दुसऱ्याबरोबर बोंबील फ्राय मिळाले तर बघा, कॅस्केडचा कडूपणा तळलेल्या माशावर फार छान बसतो, मिसळीवर मात्र नाही, तिखट अजून चढतं.

आणि बाटली रिकामी झाली की तिथल्या तिथे गरम पाण्याने तीन वेळा खळखळून उलटी ठेवा. पाहुण्यांनाही सांगा. सकाळपर्यंत तशीच राहिली तर तळाचं यीस्ट वाळून चिकटतं आणि मग ब्रश घेऊन बसावं लागतं.